काजव्याचा प्रकाश आणि वैशाखाचे ऊन

दूध संकलन केंद्रावरील कॅन खरोखर स्वच्छ धुतला गेला आहे की नाही, हे केवळ पाहून सांगता येत नाही. कॅन चकचकीत दिसतो, हाताला चिकटपणा लागत नाही, वासही येत नाही. तरीही झाकणाच्या कडेला किंवा आतील सांध्यात दुधाचा पातळ थर आणि त्यावर वाढणारे जंतू शिल्लक असू शकतात. सकाळचे दूध त्यात ओतले की दुपारपर्यंत ते नासण्याच्या मार्गाला लागते आणि त्याचा तोटा अखेर उत्पादकाच्याच पदरी पडतो. दुधाची प्रत जंतूंच्या दृष्टीने ठरविण्यासाठी आपल्याकडील दुग्धशाळांतून मिथिलिन ब्लू चाचणी दीर्घकाळ प्रचारात आहे. दुधात निळा रंग मिसळावयाचा व तो किती वेळात नाहीसा होतो हे पाहावयाचे, अशी ती साधी व स्वस्त रीत आहे. परंतु दूध चांगले असेल तर निकाल हाती येण्यास कित्येक तास लागतात. कॅनचा निकाल मात्र त्यात दूध ओतण्यापूर्वी हवा असतो.

असा तत्काळ निकाल देणारी एक चाचणी मोठ्या दुग्धशाळा, खाद्यपदार्थांचे कारखाने व रुग्णालये यांत वापरली जाते. कॅनच्या आतील भागावरून कापसाचा बोळा लावलेली काडी फिरवितात, ती एका विशिष्ट द्रावणात बुडवितात आणि छोट्या प्रकाशमापक यंत्रात ठेवतात. अर्ध्या मिनिटाच्या आत यंत्रावर आकडा उमटतो. आकडा मोठा असेल तर कॅनमध्ये सजीवांचे अवशेष आहेत, म्हणजे तो पुन्हा धुतला पाहिजे. द्रावणात जो मंद प्रकाश निर्माण होतो त्याच्या मुळाशी काजव्याच्या शरीरातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते.

अडचण अशी की निसर्गात आढळणारे हे विकर उष्णता सोसत नाही. शहरातील शीतकपाटातून निघालेली पेटी विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असताना, एस.टी.च्या टपावरून तालुक्याच्या गावी आणि तेथून संकलन केंद्रापर्यंत जावयाची असेल, तर वाटेतच विकर निकामी होईल. आणि निकामी झालेले विकर प्रकाश देत नाही. म्हणजे यंत्रावर आकडा लहान दिसेल आणि अस्वच्छ कॅन स्वच्छ ठरेल! बिघडलेल्या चाचणीपेक्षा चाचणी नसणे बरे, असे म्हणण्याची वेळ येते ती यामुळेच. यास्तव विकर उष्णतेला टिकाऊ कसे करावे, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही. त्याचे एक अत्यंत सुबोध उत्तर हैदराबादच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत मिळाले आहे. तेथे अभ्यासलेले विकर काजव्याचे नव्हते, एका जंतूचे होते; परंतु प्रश्न एकच होता. त्या कार्याकडे वळण्यापूर्वी काजव्याचे विकर आणि उष्णतेने होणारा त्याचा बिघाड समजावून घेणे सोयीचे होईल.

काजव्याचे विकर

काजवा हा भुंगेऱ्यांच्या वर्गातील कीटक होय. मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या आरंभी, पावसाच्या तोंडावर, भंडारदरा, राजमाची यांसारख्या सह्याद्रीतील ठिकाणी झाडेच्या झाडे त्यांच्या प्रकाशाने उजळलेली दिसतात. हा प्रकाश कसा उत्पन्न होतो याचा पहिला शास्त्रशुद्ध उलगडा फ्रान्समधील राफाएल द्युब्वा यांनी १८८५ ते १८८७ या काळात केला. काजव्याप्रमाणेच प्रकाश देणारे एक प्रकारचे भुंगेरे आणि नंतर एक शिंपलावर्गीय समुद्री प्राणी त्यांनी प्रयोगासाठी घेतले. प्रकाश देणारा अवयव थंड पाण्यात कुटला असता पाणी काही वेळ चमके व मग विझे. तोच अवयव कढत पाण्यात कुटला असता पाणी मुळीच चमकत नसे. परंतु विझलेले थंड पाणी आणि न चमकलेले कढत पाणी एकत्र करताच पुन्हा प्रकाश पडे.

यावरून द्युब्वा यांनी अनुमान काढले की प्रकाशासाठी दोन द्रव्ये लागतात. एक जळणासारखे खर्च होते, परंतु उष्णतेने बिघडत नाही. त्यास त्यांनी ल्युसिफेरिन म्हटले. दुसरे खर्च होत नाही, परंतु उष्णतेने नष्ट होते, ते ल्युसिफेरेज. म्हणजे या विकराची ओळख जगाला झाली तीच मुळी त्याच्या दुर्बलतेमुळे.

यानंतरचा महत्त्वाचा शोध १९४७ साली अमेरिकेत विल्यम मॅकेलरॉय यांनी लावला. प्रकाश पडण्यासाठी ल्युसिफेरिन, ल्युसिफेरेज व प्राणवायू यांच्या जोडीला अडेनोसिन ट्रायफॉस्फेट, संक्षेपाने एटीपी, हे द्रव्य अत्यावश्यक असते, असे त्यांनी दाखविले. मॅग्नेशियमचाही अंश लागतो. एटीपी हे प्रत्येक जिवंत पेशीत असणारे शक्तीचे चलन होय. मनुष्य, गाय, ज्वारीचे रोप, दुधातील जंतू, सर्वांत ते एकच असते. म्हणून जेथे एटीपी आहे तेथे हे विकर प्रकाश देते आणि एटीपी जितके अधिक तितका प्रकाश अधिक. कॅनच्या चाचणीचे तत्त्व ते हेच. मॅकेलरॉय यांना प्रयोगांसाठी काजवे शाळकरी मुलांकडून पैसे देऊन गोळा करावे लागत. १९८५ साली या विकराचे जनुक वेगळे करण्यात आले आणि तेव्हापासून ते साध्या जंतूंच्या शरीरात तयार करून घेता येते; त्यासाठी रानातील काजवे मारण्याचे कारण उरलेले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. (काजव्याची शंभर टक्के शक्ती प्रकाशात उतरते, असे विधान पाठ्येतर पुस्तकांतून अजून आढळते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अचूक मोजणीनुसार अमेरिकन काजव्याच्या बाबतीत सुमारे ४१ टक्के रेणूंपासूनच प्रकाशकण निघतो. तेही थोडे नव्हे.)

उष्णतेने नेमके काय बिघडते

विकरे ही प्रथिने होत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेली एक लांब माळ. अमेरिकन काजव्याच्या ल्युसिफेरेजमध्ये असे ५५० मणी आहेत. ही माळ सैल पडलेली नसते. फेटा बांधावा तशी ती ठराविक रीतीने गुंडाळली जाते. फेट्याचे कापड तेच असले तरी बांधणी सुटली की त्यास फेटा म्हणता येत नाही. तद्वत गुंडाळी उलगडली की प्रथिन शिल्लक राहते, पण विकराचे कार्य संपते. गुंडाळी धरून ठेवणारे बंध दुर्बळ असतात. उष्णतेने रेणूंची थरथर वाढली की ते एकामागून एक सुटू लागतात. इतकेच नव्हे, तर उलगडलेल्या माळा एकमेकींत अडकून त्यांच्या गुठळ्या होतात. उकडलेले अंडे थंड केले तरी पुन्हा कच्चे होत नाही, याचे कारण हेच.

हे वर्गात दाखविण्यास महाग साहित्य लागत नाही. कच्चा बटाटा किसून थोड्या पाण्यात पिळावा व ते पाणी चार परीक्षानळ्यांत सारखे वाटावे. एक नळी तशीच ठेवावी. दुसरी ४० अंश, तिसरी ६० अंश आणि चौथी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे धरावी. सर्व नळ्या थंड होऊ द्याव्या. मग प्रत्येकीत औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड सारख्या मापाने घालावे. बटाट्यातील कॅटॅलेज नावाचे विकर पेरॉक्साइडपासून प्राणवायू मोकळा करते व फेस येतो. पहिल्या नळीत फेस उसळेल. उकळलेल्या नळीत तो येणार नाही. मधल्या नळ्यांतील फेसाची उंची पट्टीने मोजून विद्यार्थ्यांना आलेख काढता येईल. चौथी नळी आता थंड आहे, तरीही फेस का येत नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावा. पेरॉक्साइड डोळ्यांत उडू न देण्याची दक्षता शिक्षकाने घ्यावी.

काजव्याचे ल्युसिफेरेज बटाट्यातील विकराहूनही नाजूक. अमेरिकन काजव्याचे मूळ विकर मनुष्याच्या शरीराच्या तापमानालाच, म्हणजे ३७ अंशांवर, झपाट्याने शक्ती गमावू लागते. शिवाय तापमान वाढले की त्याच्या प्रकाशाचा रंग पिवळसर हिरव्याकडून तांबड्याकडे झुकतो. यात निसर्गाची चूक काही नाही. काजवा रात्री, गारव्यात, थोडेच आठवडे उडतो. त्याचे काम भागण्याइतके टिकाऊ विकर त्याला मिळालेले आहे. त्याहून अधिक टिकाऊपणाची गरज काजव्याला नव्हती. ती मनुष्याला भासली.

एक मणी बदलला

१९९३ साली जपानमधील किक्कोमान या, सोयाबीनच्या सॉससाठी प्रसिद्ध असलेल्या, कंपनीच्या शास्त्रज्ञांनी गेंजी नावाच्या जपानी काजव्याच्या ल्युसिफेरेजमध्ये २१७ व्या स्थानावरील एकच अमिनो आम्ल बदलले. तेथे थ्रिओनिन होते. त्याच्या जागी आयसोल्युसिन येताच विकर मुळापेक्षा पुष्कळच टिकाऊ ठरले. पुढील वर्षी दुसऱ्या एका जपानी काजव्याच्या विकरातही त्याच स्थानी बदल करून तसेच यश मिळाले. १९९६ मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी अमेरिकन काजव्याच्या विकरात ३५४ व्या स्थानावरील बदल उपयुक्त असल्याचे दाखविले. पुढे अमेरिकेत आणखी एका जातीच्या काजव्याच्या विकरात अनेक बदल साठवत जाऊन ६५ अंशांवरही तासन्‌तास टिकणारे ल्युसिफेरेज तयार झाले.

पाचशेंहून अधिक मण्यांपैकी एका मण्याने एवढा फरक का पडावा? आणि कोणता मणी बदलावा हे आधी कसे समजावे? या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे प्रामाणिक उत्तर असे की ते बहुधा आधी समजत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्या थोड्या ठिकाणी पायरीपायरीने व आकड्यांनिशी शोधले गेले, त्यांत हैदराबादचा समावेश होतो.

हैदराबादचे कार्य

१९५६ सालापर्यंत मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच्या राजधानीत १९७७ साली पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राची स्थापना झाली. सीसीएमबी या आद्याक्षरांनी ते सर्वत्र ओळखले जाते. संस्थापक संचालक डॉ. पुष्प मित्र भार्गव. प्रारंभी तेथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेच्या आश्रयाने वाढलेले हे केंद्र पुढे स्वतंत्र राष्ट्रीय प्रयोगशाळा झाले. या केंद्रात डॉ. एन. मधुसूदन राव व त्यांचे सहकारी यांनी लायपेज या विकराचा टिकाऊपणा वाढविण्याचे कार्य हाती घेतले. स्फटिकांच्या साहाय्याने विकराची रचना उलगडण्याचे काम डॉ. आर. शंकरनारायणन यांच्या गटाने केले.

लायपेज म्हणजे मेद तोडणारे विकर. धुण्याच्या पावडरीत तेला-तुपाचे डाग काढण्यासाठी ते घालतात. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी मातीत सर्वत्र आढळणाऱ्या बॅसिलस सबटिलिस या निरुपद्रवी जंतूचे लायपेज निवडले. ते अवघ्या १८१ मण्यांचे, म्हणजे या कुळातील अगदी लहान विकर आहे, ल्युसिफेरेजच्या एक-तृतीयांशाइतके. लहान विकर निवडण्यात शहाणपण होते, कारण कोणत्या बदलाने काय घडले हे त्यात स्पष्ट दिसते. मूळ लायपेजची गुंडाळी सुमारे ५६ अंशांवर उलगडते आणि सुमारे ३५ अंशांवर ते सर्वांत जोमाने काम करते.

त्यांनी वापरलेली रीत शेतकऱ्याला परकी वाटू नये. रब्बी ज्वारीचा मालदांडी ३५-१ हा वाण स्थानिक मालदांडीतून मोहोळ येथे निवड करून काढण्यात आला. शेतात हजारो ताटे असतात. त्यांतील उत्तम कणसे बियाण्यासाठी राखावयाची, पुढील वर्षी त्यांच्या पिकातून पुन्हा निवड करावयाची, हेच त्यामागील तत्त्व. प्रयोगशाळेत हेच विकराच्या जनुकाबाबत करतात. फरक एवढाच की तेथे विविधता शोधत बसत नाहीत, ती मुद्दाम निर्माण करतात. जनुकाच्या नकला काढताना मुद्दाम चुका होऊ दिल्या जातात, जणू घाईने प्रत उतरविणारा लेखनिक कोठे कोठे अक्षर चुकावा. प्रत्येक चुकीची प्रत वेगवेगळ्या जंतूत घातली जाते व तो जंतू आपल्या प्रतीप्रमाणे विकर बनवितो. मग हे सर्व नमुने तापवून थंड करावयाचे आणि कोणत्या नमुन्यात अजून काम करण्याची शक्ती उरली आहे ते पाहावयाचे. जे टिकले ते पुढील पिढीचे बियाणे. या पद्धतीस दिग्दर्शित उत्क्रांती म्हणतात. अमेरिकेतील फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी १९९०च्या दशकात तिचा पाया घातला व त्याबद्दल २०१८ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला.

हैदराबादचे पहिले फळ २००४ साली प्रसिद्ध झाले: तीन बदल, आणि उलगडण्याचे तापमान सुमारे पाच अंशांनी वर. त्यानंतर एक नेहमीची अडचण उभी राहिली. चांगल्या बदलाच्या पाठीवर बसून निरुपयोगी व हानिकारक बदलही पुढच्या पिढीत येतात, जसे निवडक बियाण्याबरोबर तणाचे बीही येते. ती टाळण्यासाठी या गटाने प्रत्येक पिढीच्या शेवटी तीन टप्प्यांची कसून चाचणी, जनुकाचे वाचन आणि टिकाऊपणाचे मोजमाप अशी शिस्त घालून दिली. तिचा परिणाम असा की केवळ दोन पिढ्यांत सहा उपयुक्त बदल हाती आले. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे तपासला असता प्रत्येकाचा वाटा बेरजेप्रमाणे जमा होतो, असेही आढळून आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या कार्यातील सर्वोत्तम विकर सुमारे ७१ अंशांपर्यंत टिकत होते, म्हणजे मुळापेक्षा १५ अंश अधिक. उष्णतेने ते निकामी होण्याचा वेग दहा लाख पटींनी घटला होता. २०११ मधील विकरात १८१ पैकी १२ मणी बदललेले होते. ते सुमारे ७८ अंशांवर उलगडते आणि ६५ अंशांवर सर्वांत जोमाने काम करते. तापवून थंड केल्यावर त्याच्या गुठळ्याही होत नाहीत. उकडलेल्या अंड्याचे उदाहरण येथे लागू पडत नाही, हेच या विकराचे वैशिष्ट्य.

या आकड्यांपैकी एक विशेष विचार करण्याजोगा आहे. दहा लाख पटींचा फरक पडण्यासाठी गुंडाळीची बळकटी किती वाढली? ग्रॅम-रेणूस केवळ ३ किलोकॅलरी. एखाद-दुसऱ्या दुर्बळ बंधाइतकी! यावरून असे दिसते की निसर्गातील प्रथिने टिकणे आणि उलगडणे यांच्या उंबरठ्यावरच उभी असतात आणि अल्पशा आधारानेही त्यांचा तोल टिकाऊपणाकडे झुकतो.

आधार नेमका कोठे मिळाला, हे स्फटिकांच्या अभ्यासातून कळले. प्रथिनाच्या पृष्ठभागावरील विद्युत्‌भारित मणी पाण्याच्या रेणूंच्या मध्यस्थीने एकमेकांशी जोडले गेले होते. फेट्याचे शेवटचे टोक नीट खोचले की संपूर्ण फेटा घट्ट राहतो. तसाच हा प्रकार. विकराचा जो भाग प्रत्यक्ष मेद तोडतो त्यास धक्का लागला नव्हता. म्हणूनच आणखी एक जुनी समजूत येथे खोटी ठरली. टिकाऊ विकर ताठर असते, सबब ते मंद काम करते, असे पूर्वी मानीत. हैदराबादच्या २००८ मधील विकराचे काम २५ ते ६५ अंशांच्या टापूत मुळापेक्षा दोन ते पाच पट अधिक भरले. टिकाऊपणा व चपळता यांत निवड करावीच लागते असे नाही. निसर्गाने दोहोंची एकत्र मागणी कधी केली नव्हती, एवढेच.

उपयोग आणि मर्यादा

उष्णता सोसणाऱ्या ल्युसिफेरेजमुळे केवळ वाहतूक सोपी झाली असे नाही. पूर्वी अशक्य असलेल्या चाचण्याही शक्य झाल्या. रोगजंतूचे जनुक ओळखण्याची लॅम्प नावाची पद्धत जपानमध्ये २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात तापमान वारंवार खालीवर करावे लागत नाही. सुमारे ६० ते ६५ अंशांवर नळी ठेवली की पुरते. जनुकाच्या नकला होत असता जे उपद्रव्य सुटते त्याचे एटीपीत रूपांतर करून ल्युसिफेरेजच्या प्रकाशाने निकाल वाचण्याची रीत पुढे निघाली. मूळ काजव्याचे विकर या तापमानास क्षणभरही उपयोगी पडले नसते.

तथापि, या साधनांविषयी अवास्तव अपेक्षा बाळगणे योग्य होणार नाही. एटीपीची चाचणी कोणता जंतू आहे हे सांगत नाही. तो जिवंत आहे की दुधाचाच अवशेष राहिला आहे, हेही सांगत नाही. ती केवळ "पुन्हा धुवा" एवढेच सांगते. प्रत्यक्ष दुधात तर जनावराच्या सडातून आलेल्या पेशींचे एटीपीही असते. ते आधी वेगळे काढल्याखेरीज दुधातील जंतूंचे मोजमाप म्हणून आकडा वाचल्यास फसगत होते. दुसरे असे की विकर टिकाऊ झाले म्हणून संपूर्ण द्रावण टिकाऊ होत नाही. ल्युसिफेरिन उजेडात व हवेत कालांतराने खराब होते. यास्तव दोन्ही द्रव्ये कोरड्या स्वरूपात, बंद व काळोख्या वेष्टनात ठेवावी लागतात आणि वेष्टनावर छापलेले तापमान व मुदत पाळावीच लागते. प्रकाशमापक यंत्र व प्रत्येक वेळी लागणारी काडी यांचा खर्च लहान संस्थेला आज जड वाटण्यासारखा आहे. पाच-दहा गावांचे दूध ज्या शीतकरण केंद्रावर एकत्र येते तेथे असे एक यंत्र ठेवून आठवड्यातून एकदा प्रत्येक संस्थेचे कॅन तपासणे, हा त्यातल्या त्यात परवडणारा मार्ग होय.

चाचणी उपलब्ध असो वा नसो, निकाल ज्यामुळे बिघडतो ती जागा एकच असते. कॅनचे झाकण, झाकणाखालील कड आणि आतील सांधा येथे ब्रश पोहोचला पाहिजे. कॅन प्रथम थंड पाण्याने विसळावा, कारण कढत पाणी आधी घातल्यास दुधातील प्रथिने उलगडून पत्र्याला घट्ट चिकटतात; त्यानंतर सोड्याच्या गरम द्रावणाने घासावा, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि उन्हात, तोंड खाली करून, मांडणीवर वाळत ठेवावा.